ज्युरीवरचे आक्षेप आणि इंग्लंडचा अनुभव

आपल्याकडे ज्युरीचा विषय निघाला की बोलणे नानावटी खटल्यावर येऊन थांबते. नौदलातल्या रुबाबदार अधिकाऱ्याने बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या, सारी मुंबई त्याच्या बाजूने उभी राहिली, ज्युरीतली नऊ माणसे त्या लाटेत वाहून गेली आणि असल्या भावनाविवश मंडळींच्या हाती न्याय सोपवणे धोक्याचे आहे हे ओळखून सरकारने ज्युरीच मोडीत काढली, अशी ती कथा. 'रुस्तम' चित्रपट पाहिलेल्या पिढीलाही ती तोंडपाठ आहे. वकिलांच्या बैठकीत, विधी महाविद्यालयांत, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत ती इतक्यांदा सांगून झाली आहे की तिच्यातून काढलेला निष्कर्ष आता कुणी तपासून पाहत नाही. ज्युरी म्हणजे गतकाळातली हौशी व्यवस्था. खून, बलात्कार, मोठे आर्थिक घोटाळे यांचा निवाडा कायदा शिकलेल्या, पुरावा पारखण्याची सवय झालेल्या न्यायाधीशांनीच करावा, हा तो निष्कर्ष.

या मताला अलीकडे खुद्द इंग्लंडमधून बळ मिळाले आहे. सर ब्रायन लेव्हसन यांच्या समितीने जुलै २०२५ मध्ये अहवाल दिला आणि मधल्या पायरीवरचे बरेच खटले ज्युरीकडून काढून एक न्यायाधीश व दोन मॅजिस्ट्रेट यांच्यापुढे चालवावेत असे सुचवले. डिसेंबरमध्ये न्यायमंत्री डेव्हिड लॅमी त्याच्याही पुढे गेले. ज्या गुन्ह्यात तीन वर्षांपर्यंतच शिक्षा होण्याचा संभव आहे तो एकट्या न्यायाधीशाने चालवावा, अशी योजना त्यांनी जाहीर केली. खून, बलात्कार यांसारखे खटले ज्युरीकडेच राहतील. तरीही ज्यांनी ही पद्धत जगभर नेली तेच ती आवरती घेत असतील तर आपण तिची कड कशाला घ्यायची, हा प्रश्न ऐकू येऊ लागला आहे.

मला हे मत चुकीचे वाटते, आणि त्याची चूक वरवरची नाही. मात्र खोडून काढायचे तर पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडला पाहिजे. बारा अनोळखी माणसे, ज्यांना कायद्याचे शिक्षण नाही, ती काही दिवस साक्षी ऐकतात, बंद खोलीत बसतात आणि दोन शब्दांत निकाल देतात. का दिला, ते सांगत नाहीत; सांगायला कायद्याचीच मनाई आहे. त्यांना डीएनए कळत नाही, हिशेबाची पुस्तके कळत नाहीत, त्यांच्या मनात जातीचे आणि वंशाचे पूर्वग्रह असतात, चांगला वक्ता त्यांना रडवू शकतो. न्यायाधीश चुकला तर त्याचा लेखी निकाल हाती असतो, अपिलात चूक दाखवता येते. ज्युरीच्या चुकीला तोंडच नसते. शिवाय हे सगळे खर्चिक आणि संथ आहे. यातला एकही आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही.

आधी नानावटींचे पाहू, कारण आपल्या मनातली गाठ तिथे आहे. २७ एप्रिल १९५९ रोजी प्रेम आहुजा यांचा मृत्यू झाला आणि त्याच वर्षी मुंबईच्या सत्र न्यायालयातल्या ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी कमांडर नानावटींना निर्दोष ठरवले, इथपर्यंत कथा बरोबर आहे. पण ज्युरी बंद करा ही शिफारस भारताच्या विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात १९५८ सालीच, म्हणजे आहुजांना गोळी लागण्याआधी, केलेली होती. त्या खटल्याने ज्युरी मारली हे कालक्रमालाच धरून नाही. तो खटला फार तर आधीच ठरलेल्या गोष्टीचे एक सोयीचे उदाहरण ठरला. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच ठेवली नाही. (मुंबई उच्च न्यायालयात पारशी वैवाहिक दाव्यांत पाच पारशी प्रतिनिधी बसून तथ्यांचा निर्णय देतात, ही त्या परंपरेची एक बारीकशी फांदी आजही शिल्लक आहे.)

दुसरी गोष्ट कथेत कधीच येत नाही. सत्र न्यायाधीशांना ज्युरीचा कौल मान्य नव्हता म्हणून त्यांनी तेव्हाच्या संहितेच्या कलम ३०७ खाली प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तिथे नुसती ज्युरी तपासली गेली नाही, न्यायाधीशांनी ज्युरीला केलेले मार्गदर्शनही तपासले गेले. आणि त्यात गंभीर चुका निघाल्या. गोळ्या झटापटीत चुकून सुटल्या हा बचाव होता. अपघाताचा अपवाद सांगणाऱ्या आरोपीवर तो सिद्ध करण्याचे किती ओझे असते, परिस्थितिजन्य पुरावा कसा जोखायचा, चिथावणीचा कायदा काय आहे, हे ज्युरीला धड सांगितले गेले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९६१ मध्ये जन्मठेप कायम करताना या चुकांवर शिक्कामोर्तब केले. म्हणजे ज्यांना कायदा शिकवण्याचे काम होते त्यांनी तो चुकीचा शिकवला, बाहेर 'ब्लिट्झ' साप्ताहिक महिनोन्महिने आरोपीची कड घेऊन मथळे छापत होते, आणि इतिहासात बदनाम झाली ती नऊ माणसे. इंग्लंडात चालू खटल्यात असा गंभीर अडथळा आणणारा मजकूर छापणाऱ्या संपादकाला न्यायालयाच्या अवमानाचा खटला भोगावा लागतो. १९८१ च्या कायद्यानुसार त्याचा हेतू काय होता हेही विचारले जात नाही.

आणि मुळात मुंबईत जी होती तिला इंग्लंडची ज्युरी म्हणावे का? इंग्रजी ज्युरी तीन खांबांवर उभी राहिली. ती बारा जणांची, आणि निकाल एकमताचा. तिने सोडले तर आरोपी सुटला; नावडला म्हणून न्यायाधीश तो कौल वरच्या न्यायालयाकडे पाठवू शकत नाही. आणि ती आरोपीच्या समाजातून येते. इंग्रजांनी हिंदुस्थानात ज्युरी आणली तेव्हा यातला एकेक खांब काढूनच आणली. याचा सर्वांत कडू पुरावा महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचे खटले झाले तेव्हा दोन्ही वेळा ज्युरी होती. १८९७ मध्ये न्या. स्ट्रेची यांच्यापुढे नऊ जणांपैकी सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तीन हिंदी सदस्यांनी निर्दोष. १९०८ मध्ये न्या. दावर यांच्यापुढे बसलेल्या खास ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. कौल सात विरुद्ध दोन. इथे सहा मते आणि न्यायाधीशाची संमती एवढे पुरत होते. तेच खटले त्याच दिवशी लंडनच्या ओल्ड बेलीत इंग्रजी नियमाने चालले असते तर एकाही वेळी दोषी ठरवता आले नसते, कारण तिथे एकमत लागे आणि तो नियम १९६७ पर्यंत अबाधित होता. मंडालेची सहा वर्षे ज्युरीमुळे भोगावी लागली असे कुणी म्हणाले तर मी म्हणेन, खांब काढलेल्या ज्युरीमुळे भोगावी लागली.

इंग्लंडातही ही संस्था एका दिवसात शुद्ध उतरली नाही, हे कबूल केले पाहिजे. १२१५ च्या मॅग्ना कार्टाने ज्युरी दिली असे सर्रास सांगितले जाते, तेही पूर्ण खरे नाही. त्याच वर्षी रोमच्या लॅटरन धर्मपरिषदेने पाद्र्यांना दिव्यात भाग घ्यायला बंदी केली. तापलेले लोखंड हातात धरायला लावून किंवा पाण्यात बुडवून खरे-खोटे ठरवण्याची सोय संपली, आणि मग त्या जागी शेजारच्या गावकऱ्यांना शपथ घालून विचारण्याची जुनी रीत फौजदारी निवाड्यासाठी वापरात आली. त्यानंतरही शतकानुशतके ज्युरीत बसायला मालमत्ता लागे. बायकांना १९१९ च्या कायद्याने प्रवेश मिळाला आणि १९७० च्या दशकात घरपट्टीची अट गेली, तेव्हा कुठे मतदारयादीतला जवळपास प्रत्येक जण तिच्यात बसू शकला. आज १८ ते ७५ वयाचा, मतदारयादीत नाव असलेला आणि वयाच्या तेराव्या वर्षानंतर कधीतरी सलग पाच वर्षे त्या देशात राहिलेला माणूस ज्युरीवर बोलावला जातो. राष्ट्रकुलातल्या नागरिकांना तिथे मताचा हक्क असल्यामुळे भारतीय पासपोर्ट असलेल्या, स्लाऊ किंवा लेस्टरमध्ये स्थायिक झालेल्या मराठी माणसालाही हे बोलावणे येऊ शकते, आणि तो गीतेवर हात ठेवून शपथ घेऊ शकतो.

ते न्यायालय आत कसे चालते तेही जवळून पाहण्यासारखे आहे. पंधरा-सोळा माणसे कोर्टात आणून उभी करतात. कारकून नावांची कार्डे पिसतो आणि एकेक काढून बारा नावे पुकारतो. अमेरिकन सिनेमात वकील ज्युरीला तासन्‌तास प्रश्न विचारून हवी ती माणसे निवडतात, तसे इथे काही नाही. कारण न देता एखादा सदस्य नाकारण्याचा आरोपीचा जुना हक्कही १९८८ च्या कायद्याने गेला. जे नशिबाने निघाले ते बारा. नंतर काम दोघांत वाटलेले असते. कायदा काय आहे, कोणता पुरावा पुढे येऊ द्यायचा, हे न्यायाधीश ठरवतो. अनेकदा ज्युरीला बाहेर पाठवून. काय घडले, कुणाचे खरे, हे ज्युरी ठरवते. शेवटी न्यायाधीश कायदा समजावून सांगतो, आणि आता बहुतेक गंभीर खटल्यांत प्रश्नांची एक लेखी यादीही हाती देतो: आधी हे ठरवा, त्याचे उत्तर 'नाही' असेल तर इथेच थांबा आणि निर्दोष म्हणा, 'हो' असेल तर पुढच्या प्रश्नाकडे जा. ज्युरी हवेतल्या हवेत निकाल देते असे म्हणणाऱ्यांनी या कागदाकडे एकदा पाहावे. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयापुढे २०१० साली बेल्जियमचा एक खटला आला होता. ज्युरीने कारणे दिली नाहीत एवढ्याने खटला अन्यायाचा ठरत नाही, पण दोषी का ठरलो हे आरोपीला उमगेल इतकी चौकट प्रश्नांतून आणि मार्गदर्शनातून दिसली पाहिजे, असे त्या न्यायालयाने म्हटले. इंग्रजी पद्धतीत ती चौकट आहे.

आता 'यांना कळत नाही' हा आक्षेप. यात तथ्याचा अंश आहे आणि तो मोजला गेलेला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या प्रा. शेरिल थॉमस यांनी २०१० मध्ये इंग्लंड-वेल्सच्या ज्युरींवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात न्यायाधीशाने तोंडी सांगितलेला कायदा त्याच कायदेशीर भाषेत पूर्णपणे समजलेले ज्युरीसदस्य फक्त ३१ टक्के निघाले. हा आकडा ज्युरीविरोधक नेहमी देतात. त्याच अभ्यासातला पुढचा आकडा देत नाहीत: तेच मार्गदर्शन लेखी सारांशासह दिल्यावर प्रमाण ४८ टक्क्यांवर गेले. दोष अंशतः ऐकणाऱ्यांचा असेल, पण बोलणाऱ्यांचा नक्कीच होता. शिवाय बारा जण एकत्र बसून एकमेकांच्या समजुती दुरुस्त करतात. एकेकट्याला विचारलेल्या उत्तरांवरून खोलीत काय होते ते मोजता येत नाही.

गुंतागुंतीच्या आर्थिक खटल्यांबद्दलचा अनुभव तर डोळे उघडणारा आहे. लंडनच्या ज्युबिली लाइनच्या विस्तारातल्या कंत्राटांवरून एक मोठा फसवणुकीचा खटला जून २००३ मध्ये सुरू झाला. मार्च २००५ मध्ये, सुमारे एकवीस महिन्यांनी, तो निकालाविना कोसळला. कोट्यवधी पौंड पाण्यात गेले. ज्युरीला असले खटले झेपत नाहीत, हे सिद्धच झाले, असा एकच गलका झाला. सरकारने २००३ च्या कायद्यात गंभीर फसवणुकीचे खटले ज्युरीविना चालवण्याचे कलम आधीच घालून ठेवले होते. ते अमलात आणण्याची घाई सुरू झाली. मग सरकारी वकिलांच्या सेवेच्या निरीक्षकांनी चौकशी केली आणि त्या ज्युरीतल्या सदस्यांशी अभ्यासकांनी सविस्तर बोलून घेतले. निघाले ते उलटे. ज्युरीला खटला चांगला कळत होता. सदस्य टिपणे काढत होते, आपसांत मुद्द्यांची उजळणी करत होते. खटला बुडाला तो आरोपांच्या अवाढव्य मांडणीने, सरकारी पक्षाच्या ढिसाळ नियोजनाने, आजारपणांनी आणि कायद्याच्या मुद्द्यांवर ज्युरीला आठवडेच्या आठवडे बाहेर बसवून ठेवण्याने. या लोकांच्या नोकऱ्या, बढत्या, घरची घडी या सगळ्यावर दोन वर्षांचा नांगर फिरला होता, आणि तरी ते समजून घेत राहिले. ज्युरीविना फसवणुकीचे ते कलम कधीच अमलात आले नाही. २०१२ मध्ये संसदेने ते पुसून टाकले. एवढे होऊनही लेव्हसन अहवालात मोठ्या फसवणुकीचे खटले एकट्या न्यायाधीशाकडे द्यायची शिफारस पुन्हा डोके वर काढतेच. ज्याची एकदा नीट चौकशी होऊन उत्तर मिळाले आहे तो प्रश्न नव्याने मांडताना जुने उत्तर कुठे चुकले ते दाखवण्याची जबाबदारी मांडणाऱ्यावर येते. ती कुणी पार पाडलेली मला दिसली नाही.

पूर्वग्रहाबद्दल थोडक्यात. आपल्याला वाटते की गोरी ज्युरी काळ्या आरोपीला हमखास दोषी धरणार. थॉमस यांच्या अभ्यासात निव्वळ गोऱ्या सदस्यांच्या ज्युरींनीही वंशावरून भेदभाव केल्याचे आढळले नाही. २०१७ मध्ये कृष्णवर्णीय व अल्पसंख्य आरोपींना न्यायव्यवस्थेत कशी वागणूक मिळते याचा सरकारने आढावा घेतला, तेव्हा अटक, तुरुंग, शिक्षा अशा अनेक पायऱ्यांवर विषमता दिसली. ज्युरीच्या निकालात मात्र ती दिसली नाही. त्या आढाव्याचे लेखक होते डेव्हिड लॅमी. आज न्यायमंत्री म्हणून जी पायरी ते अरुंद करू पाहतात, ती त्यांच्याच अहवालात सर्वांत निर्दोष निघाली होती. त्यांनी आपल्या त्या पानांना उत्तर द्यावे, ही अपेक्षा गैर नाही.

सर्वांत मोठा आक्षेप भावनेचा: ज्युरी कायदा बाजूला सारते. होय, कधी कधी सारते, आणि मंडनपक्षाचा गाभा मला इथेच दिसतो. १६७० च्या सप्टेंबरात विल्यम पेन आणि विल्यम मीड या दोन क्वेकर पंथीयांवर लंडनच्या रस्त्यात प्रवचन करून जमाव जमवल्याचा खटला भरला गेला. ज्युरीने, पेन रस्त्यात बोलला एवढेच खरे आहे, असे सांगितले. त्यात गुन्हा नव्हता. न्यायासनावरचे लोक खवळले. ज्युरीला अन्न, पाणी, विस्तव काहीही न देता कोंडून ठेवले. ती पुन्हा तेच म्हणाली, आणि शेवटी सरळ निर्दोष म्हणाली. मग प्रत्येक सदस्याला चाळीस मार्क दंड झाला आणि भरेपर्यंत न्यूगेटचा तुरुंग. एडवर्ड बुशेल यांनी दंड भरायला नकार देऊन दाद मागितली. मुख्य न्यायाधीश व्हॉन यांनी निर्णय दिला की कौलाबद्दल ज्युरीला शिक्षा करता येणार नाही. तो दिवस इंग्रजी स्वातंत्र्याच्या इतिहासात मला कित्येक लढायांहून मोठा वाटतो. २०२३ मध्ये एका निवृत्त समाजकार्यकर्तीने लंडनच्या एका न्यायालयाबाहेर याच हक्काची आठवण करून देणारा फलक धरला म्हणून तिच्यावर अवमानाची कारवाई करण्याचा प्रयत्न झाला. उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ती पुढे जाऊ दिली नाही. २००५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तर स्पष्टच सांगितले की पुरावा कितीही भक्कम असो, 'दोषी ठरवा' असा हुकूम न्यायाधीशाने ज्युरीला कधीही द्यायचा नाही.

या हक्काने काय साधले? अठराव्या शतकात घरातून चाळीस शिलिंगांचा ऐवज चोरला तर फाशी होती. ओल्ड बेलीच्या नोंदींत ज्युरी पुन्हा पुन्हा चोरीच्या मालाची किंमत एकोणचाळीस शिलिंग ठरवताना दिसतात. कायदा तोच होता, न्यायाधीश तेच होते. बारा दुकानदार-कारागिरांना एका माणसाला चमच्यांपायी लटकवणे पटले नाही. संसदेला जे उमगायला आणखी शंभर वर्षे लागली ते या लोकांना आधीच उमगले होते. १९८५ मध्ये संरक्षण खात्यातले अधिकारी क्लाइव्ह पाँटिंग यांच्यावर ब्रिटनने अर्जेंटिनाचे 'बेलग्रानो' जहाज बुडवल्याची कागदपत्रे एका खासदाराला दिल्याबद्दल गोपनीयतेच्या कायद्याखाली खटला झाला. देशाचे हित म्हणजे तत्कालीन सरकारचे धोरण, असा अर्थ न्यायाधीशांनी सांगितला. ज्युरीने तो ऐकून घेतला आणि पाँटिंग यांना सोडून दिले. सरकार आणि देश एकच हे बारा नागरिकांना मान्य नव्हते. ज्यांना ही बेशिस्त वाटते त्यांना माझा सवाल आहे: टिळकांच्या खटल्यात अशी बेशिस्त चालली असती तर ती तुम्हाला खटकली असती का?

इथे एक गल्लत दूर केली पाहिजे. ज्युरी ही न्यायाधीशाची स्वस्त, कमी शिकलेली नक्कल नाही. तिचे काम वेगळे आहे. राज्यसंस्था एखाद्याचे आयुष्य हिरावून घेऊ पाहते तेव्हा तिने आपल्या पगारावर नसलेल्या, तिच्याकडून बढतीची आशा नसलेल्या आणि उद्या पुन्हा आपापल्या कामाला लागणाऱ्या माणसांना पटवून दाखवायचे असते. ही अट असते म्हणून पोलिसांना आणि सरकारी वकिलांना साध्या भाषेत, उघड्यावर, पायरीपायरीने खटला मांडावा लागतो. ऐकीव पुरावा, दबावाखालचा कबुलीजबाब यांवरच्या इंग्रजी बंधनांना धार आली ती समोर ज्युरी बसलेली असल्यामुळेच. न्यायाधीश रोज आरोपी पाहतो. हजारावा आरोपी त्याला पहिल्यासारखा दिसत नाही. ज्युरीसाठी प्रत्येक आरोपी पहिला असतो. म्हणजे ती सर्रास सोडते असेही नाही: थॉमस यांच्या पाहणीत ज्युरीने दिलेल्या निकालांपैकी ६४ टक्के दोषी असे होते, आणि निर्णयच न होण्याचे प्रमाण एका टक्क्याहून कमी.

खर्च आणि विलंबाचा मुद्दा लॅमी यांच्या योजनेचा पाया आहे, आणि त्यातली व्यथा खरी आहे. ज्युरी बसते त्या क्राउन कोर्टात २०१९ अखेर सुमारे ३८ हजार खटले तुंबले होते. २०२५ मध्ये ते ७८ हजारांवर गेले. बलात्काराची फिर्याद केलेल्या स्त्रीला साक्षीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागणे हा अन्याय आहे आणि तो कुणीही सोसू नये. पण २०१९ मध्येही ज्युरी तीच होती, बारा जणांचीच. मधल्या काळात आली करोनाची साथ. त्याआधी कपात झाली होती न्यायालये भरण्याच्या दिवसांची, आणि वकिलांच्या मोबदल्याची तर कित्येक वर्षे. गळकी कोर्टे, रिकामी न्यायदालने, वेळेवर न पोचणारे कैदी, यांतले एकही ज्युरीने केलेले नाही. तसेही नव्वद टक्क्यांहून अधिक फौजदारी प्रकरणे मॅजिस्ट्रेटांच्या न्यायालयात, ज्युरीविनाच निकालात निघतात, आणि क्राउन कोर्टात आलेल्यांपैकीही पुष्कळ आरोपी गुन्हा कबूल करतात. ज्युरीपर्यंत पोचतो तो थोडासा, सर्वांत कठीण भाग. नळ गळतो म्हणून विहीर बुजवायची नसते. आणि तीन वर्षांची कैद हलकी कुणाला वाटते? नोकरी, घर, मुलांचा ताबा, परदेशी नागरिक असेल तर त्या देशात राहण्याचा हक्क, हे सगळे त्यापेक्षा कमी शिक्षेतही जाते.

शेवटी सर्वांत अवघड आक्षेप उरतो, ज्याला मी टाळणार नाही. ज्युरीने निरपराधांना शिक्षा केल्या आहेत. बर्मिंगहॅमच्या बाँबस्फोटांबद्दल सहा जणांना १९७५ मध्ये ज्युरीनेच दोषी धरले आणि ते १९९१ मध्ये सुटले. पण तो दोष नुसता ज्युरीच्या माथी मारता येत नाही. तिच्यापुढे मारहाणीतून काढलेले कबुलीजबाब आणि सदोष रासायनिक चाचणी खरी म्हणून ठेवली गेली होती, न्यायाधीशांचे समालोचन सरकारी पक्षाकडे झुकलेले होते. आणि १९८८ मध्ये तीन निष्णात न्यायाधीशांनी आठवडेच्या आठवडे तोच पुरावा चाळून, लांबलचक कारणे देऊन, शिक्षा योग्यच असल्याचे सांगितले. लेखी कारणांनी त्या सहा जणांची आणखी तीन वर्षे खाल्ली.

अँड्र्यू माल्किन्सन यांचे प्रकरण मात्र मला झोप लागू देत नाही. २००३ मध्ये मँचेस्टर परिसरात एका स्त्रीवर बलात्कार झाला. हल्लेखोराचा चेहरा आपण खोलवर ओरबाडला असे तिने सांगितले. दुसऱ्या दिवशी माल्किन्सन यांच्या चेहऱ्यावर ओरखडाही नव्हता. डीएनएचा पुरावा नव्हता. साक्षीदारांच्या पूर्वीच्या शिक्षा बचाव पक्षापासून दडवलेल्या होत्या. २००४ मध्ये ज्युरीने त्यांना दहा विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवले. किमान मुदत सात वर्षांच्या आतली होती, पण न केलेला गुन्हा ते कबूल करेनात म्हणून सतरा वर्षे आत राहिले. २०२३ मध्ये दुसऱ्याच माणसाकडे बोट दाखवणाऱ्या डीएनएमुळे अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केली.

त्या खोलीत दोन माणसांनी बरोबर पाहिले होते. १९६७ च्या आधीचा नियम असता तर त्यांचा नकार पुरला असता. साक्षीदारांप्रमाणे ज्युरीसदस्यांनाही धमकावले जाते, एखाद्याला विकत घेतले जाते, म्हणून दहा जणांचा कौल पुरेसा मानावा, असे तेव्हा संसदेला सांगण्यात आले. ती भीती खरी असेलही. पण तिच्यासाठी आता २००३ च्या कायद्यात वेगळी तरतूद आहे, ज्यात ज्युरीशी छेडछाड होण्याचा खरा धोका दिसला तर न्यायाधीश एकटा खटला चालवू शकतो, आणि २०१० मध्ये हीथ्रोच्या दरोड्याचा खटला तसा चालला. मग बहुमताचा नियम कशासाठी ठेवायचा? इंग्लंडच्या संसदेला फौजदारी न्याय सुधारायचा असेल तर तिने ज्युरीचे खटले कमी करण्याचा विधेयकी खटाटोप बाजूला ठेवावा, न्यायालये भरण्याच्या दिवसांना पैसा द्यावा, लेखी प्रश्नावली प्रत्येक खटल्यात सक्तीची करावी आणि १९६७ मध्ये काढलेला एकमताचा खांब पुन्हा उभा करावा.